निचऱ्याचं काम खालून सुरू होतं

शिक्रापूरच्या चौकात एका ट्रॅफिक हवालदारानं माझ्या गाडीची डिकी उघडायला लावली होती. आत मातीच्या चाळीस पिशव्या, प्रत्येकीच्या गळ्यात दोऱ्यानं बांधलेली चिठ्ठी. तो बराच वेळ बघत राहिला. मागं ट्रकांची रांग हॉर्न वाजवत होती.

"माती?"

"माती."

"पुण्याला कशाला नेताय?"

"तपासायला."

"का? काय झालंय तिला?"

माझ्या कामाविषयी इतका नेमका प्रश्न नोकरीच्या तीस वर्षांत मला दुसऱ्या कुणी विचारला नाही. संशोधनाला मंजुरी देणाऱ्या समित्यांनीसुद्धा नाही. मी कृषी महाविद्यालयात मृदाशास्त्र शिकवलं आणि शेवटची वर्षं ‘शाश्वत शेती आणि अन्नव्यवस्था’ अशा लांबलचक नावाच्या विभागात घालवली. दारावरच्या पाटीत नाव मावत नव्हतं, अर्थ मात्र छोटा आहे. आज रानात जे पिकतं ते नातवंडांच्या काळातही पिकावं, आणि ते कुणाच्या तरी ताटात नीट पोचावं. बाकी सगळं तपशील. हा तपशील गोळा करत मी शिरूर आणि दौंड तालुक्यांत इतकी हिंडले की तळेगाव ढमढेऱ्याच्या आठवडे बाजारात भाजीवाल्या मला ‘मातीवाल्या मॅडम’ म्हणून हाक मारायच्या आणि कोथिंबिरीची जुडी जास्तीची टाकायच्या.

मातीचा नमुना आणा म्हटलं की लोक कसा आणतात, ते सांगायला हवं. मुलगी दाखवायच्या कार्यक्रमाला घर आवरावं तसं. एकानं उकिरड्याशेजारची काळीभोर माती आणली होती. म्हणाला, "आपल्या गावाची इज्जत हाय मॅडम, रिपोर्ट चांगला आला पायजे." मी त्याला समजावलं, बाबा, डॉक्टरकडे गेल्यावर धाकट्या भावाचं रक्त देतोस का? त्यालाही पटलं. पुढच्या वेळी त्यानं खरी माती आणली आणि रिपोर्ट वाईट आला म्हणून महिनाभर माझ्याशी बोलला नाही.

पण आज सांगायचं आहे ते सोपानआप्पा आणि कलावतीबाई यांच्याविषयी. भीमेच्या एका अंगाला शिरूर, दुसऱ्या अंगाला दौंड. या पट्ट्यातलं एक गाव. नाव लिहीत नाही, कारण ही सगळी माणसं अजून बांधाला बांध लावून नांदत आहेत.

सोपानआप्पा एका सकाळी माझ्या प्रयोगशाळेत आले ते तावातावानंच. पासष्टीचे, पांढरी टोपी, सोसायटीचे माजी चेअरमन, गावात शब्दाला वजन. हातातली कापडी पिशवी टेबलावर आपटून म्हणाले, "मॅडम, मला उसाचं बेणं बोगस दिलंय. उगवलंच न्हाई. तुमी फकस्त लिहून द्या, मी बघतो त्येंच्याकडं."

मी पिशवीतली चिमूटभर माती जिभेवर ठेवली.

"आवं, खाताय काय!"

"आप्पा, बेण्याचा दोष नाही. मीठ जास्त झालंय."

असं करू नये, विद्यार्थ्यांना तर मी कडक मनाई करते. पण जुनी सवय. आणि त्या दिवशी ती सवय कामी आली, कारण आप्पा लिहून घ्यायचं विसरले आणि म्हणाले, "मग चला, रानच बघा."

रान बघितलं. दिसायला सुंदर होतं, तीच तर अडचण. काळ्या जमिनीवर चुना शिंपडावा तसे पांढरे पट्टे. मधेच ऊस, मधेच टक्कल. होतं ते असं. कालवा आला, पाणी आलं, ऊस आला. ऊस वर्षभर उभा, म्हणून पाणीही वर्षभर. पिकाच्या गरजेपेक्षा जास्त दिलेलं पाणी खाली जातं. खाली जागा भरली की ते वर चढायला लागतं, कंदिलाच्या वातीतून रॉकेल चढतं तसं. येताना जमिनीतले क्षार घेऊन येतं. उन्हानं पाणी उडून जातं, क्षार मागं राहतात. अशा खाऱ्या मातीतून मुळांना पाणी ओढता येत नाही, त्यामुळे पायाशी पाणी असून ऊस तहानल्यासारखा सुकतो. मग शेतकरी काय करतो?

"मी पान्याच्या दोन पाळ्या जादा दिल्या की," आप्पा म्हणाले. पण आप्पा हुशार माणूस. त्यांनी त्या पांढऱ्या पट्ट्याकडं बघितलं, कालव्याकडं बघितलं आणि टोपी काढून डोकं खाजवलं. "म्हंजी मीच घातलं व्हय हे?"

आम्ही त्या शिवारात ठिकठिकाणी छिद्रांच्या नळ्या उभ्या पुरल्या. त्यात दोरीला बांधलेलं वजन सोडलं की जमिनीखालचं पाणी किती खोल आहे ते कळतं. कित्येक नळ्यांत ते माझ्या गुडघ्याएवढंही खाली नव्हतं. म्हणजे ही माणसं तळ्यावर शेती करत होती!

यावरचा उपाय जुना आहे आणि मला तो फार आवडतो, कारण त्यात जादू काही नाही. जमिनीत चार फुटांवर छिद्रांच्या नळ्या आडव्या पुरायच्या, त्यांना कापड गुंडाळायचं म्हणजे माती आत जाणार नाही, आणि सगळ्यांना थोडा उतार द्यायचा. जादाचं पाणी नळ्यांत झिरपतं, क्षार घेऊन वाहतं आणि खालच्या ओढ्यात पडतं. याला आम्ही निचरा म्हणतो. अडचण एकच. पाणी कुणाचा सातबारा बघून वाहत नाही. एका माणसाच्या रानात निचरा करता येत नाही, उताराच्या टोकापर्यंतच्या सगळ्यांना एकत्र यावं लागतं. त्या काळात एका योजनेतून अशा प्रायोगिक कामाला मंजुरी मिळत होती. मी अर्ज केला, मंजुरी आली. आप्पांनी आठवड्याभरात अकरा शेतकऱ्यांच्या सह्या आणून दिल्या. मला इतका उत्साह आला होता की मी स्वतः लेव्हलची दुर्बीण घेऊन उन्हात चढउतार मोजत हिंडले.

मोजणी सांगत होती की सगळा उतार एकाच जागी जातो. ओढ्याच्या काठावरच्या तीन एकरांच्या तुकड्यात.

"ते कुणाचं रान?" मी विचारलं.

"ते खालचं रान. तिकडं काय न्हाई मॅडम," आप्पा म्हणाले.

"पण कुणाचं?"

"वस्तीवरल्यांचं."

वस्ती म्हणजे गावाच्या खालच्या अंगाची बौद्ध वस्ती. तिथल्या कलावतीबाईंच्या घराण्याकडं पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला हा जमिनीचा तुकडा. आता लाज वाटणारी गोष्ट सांगते. मी माझ्या नकाशात त्या तुकड्यावर आधीच ‘पडीक’ लिहून टाकलं होतं. बांधावरून नजर टाकली, पांढरं दिसलं, लिहिलं. एकही नमुना घेतला नव्हता. योजनेचा नियम असा की फक्त लागवडीखालची जमीन घ्यायची. त्यामुळे आमचा आराखडा असा झाला की मुख्य नळी कलावतीबाईंच्या रानातून जाईल, पण निचरा मात्र वरच्या अकरा जणांचा होईल.

हा आराखडा घेऊन मी एकटीच त्यांच्या घरी गेले. कलावतीबाई साठीच्या आसपासच्या, ताठ, अंगणात शेंगा निवडत बसलेल्या. मी नकाशा पसरला, वीस मिनिटं छान समजावून सांगितलं. शिकवायची सवय. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मंजी समद्यांचं खारं पाणी माझ्या रानातनं जानार."

"नळीतून जाणार. तुमच्या रानाला काही होणार नाही."

"आन् माझ्या रानाचं पानी?"

मी नियम सांगितला. पडीक जमीन योजनेत बसत नाही.

"इतकी वर्सं ह्येंच्या उसाचं पानी माझ्या रानात येतंय ते बिगरपाइपाचं. आता पाइपानं आननार व्हय?" त्या म्हणाल्या. आवाज चढवला नाही. "पडीक कुनी केलं ते तुमच्या कागदात हाय का?"

नव्हतं. मी नकाशा गुंडाळला.

गावात दोन दिवस खळबळ. कुणी म्हणालं, ओढ्याच्या कडेकडेनं नेऊ. उतार उलटा होता. कुणी म्हणालं, मोटार बसवून पाणी उचलू. रात्रंदिवस मोटार चालवायची कुणी? आप्पा चिडून म्हणाले, "एका बाईपायी अकरा माणसं अडली." मी म्हणाले, "आप्पा, बाईपायी नाही. माझ्या एका शब्दापायी अडली आहेत. तो शब्द मी न बघता लिहिलाय." आणि दुसऱ्याच दिवशी कलावतीबाईंच्या परवानगीनं त्यांच्या रानाचे नमुने घ्यायला गेले.

रविवार होता, म्हणून त्यांची सून प्रज्ञा घरी होती. प्रज्ञा शिक्रापूरजवळच्या एका कारखान्यात क्वालिटी विभागात कामाला. रोज कंपनीच्या बसनं ये-जा. मी बादलीत माती आणि पाणी ढवळून त्यात मीटरचं टोक बुडवत होते. या मीटरवर मातीतल्या क्षारांचा आकडा येतो. प्रज्ञा शेजारी उभी राहून बघत होती.

"मॅडम, ह्याचा कॅलिब्रेशनचा स्टिकर कुठाय?"

"काय?"

"आमच्याकडं प्रत्येक गेजवर स्टिकर असतो. शेवटचं कधी तपासलं, पुढचं कधी. स्टिकर नसला तर ते रीडिंग धरतच नाहीत. अख्खा लॉट रिजेक्ट."

मी हसले. मग आठवायला लागले, शेवटचं कधी तपासलं होतं? मीटर तपासायला ठरावीक खारटपणाचं द्रावण बरोबर ठेवायचं असतं. ते माझ्या पेटीत तळाशी, सीलबंद. म्हणजे या हंगामात तपासलंच नव्हतं. मी बाटली उघडली, टोक बुडवलं. यायला हवा त्याच्यापेक्षा आकडा कितीतरी कमी आला. टोकावर क्षारांचंच किटण बसलं होतं. खारी जमीन मोजून मोजून मीटरला तिनंच आंधळं केलं होतं, आणि माझ्या त्या शिवारातल्या सगळ्या नोंदी चुकीच्या होत्या. अख्खा लॉट रिजेक्ट.

अशा वेळी माणूस दोनपैकी एक करतो. गप्प बसतो किंवा चार लोकांत कबूल करतो. मी पहिली गोष्ट नोकरीत एकदोनदा केलेली आहे, तिची आठवण अजून टोचते. या वेळी मी तिथंच, दोघींसमोर, "चुकलं माझं" म्हणाले. प्रज्ञाला भलताच आनंद झाला. मला वाटलं होतं ती हसेल. ती म्हणाली, "मग सगळं परत घेऊ या की! मला रविवारी सुट्टी असते."

पुढचे तीन रविवार आम्ही दोघी ते अख्खं शिवार पुन्हा मोजत फिरलो. तिनं प्रत्येक पिशवीवर वेळ लिहायला लावली, दर दहा नमुन्यांनंतर मीटर तपासायला लावला. माझ्या पीएचडीच्या मार्गदर्शकांनीही मला इतकं शिस्तीत ठेवलं नव्हतं.

आणि तिसऱ्या रविवारी ते घडलं.

आम्ही कलावतीबाईंच्या तुकड्यात वरून खाली येत होतो. आकडे वाईट, अधिक वाईट, भयंकर. मग अगदी ओढ्याच्या दरडीलगतचा नमुना घेतला आणि आकडा धाडकन खाली आला. मी मीटर झटकला. तपासला. पुन्हा घेतला. तोच. दहा पावलं सरकून घेतला. तोच. मान वर केली तर आम्ही मेथीत उभ्या होतो. मेथी, लसूण, वांग्याची चार झाडं, कडेला घेवड्याचा वेल. दरडीच्या कडेनं पंचवीस-तीस फूट रुंदीचा, लांबच लांब, हिरवागार पट्टा. बांधावरून तो दिसत नाही, कारण तिथं जमीन थोडी खचलेली आहे.

"कलाबाई!" मागून येणाऱ्या कलावतीबाईंना बघून मी ओरडलेच. "हे कधीपासून पिकतं?"

"कवापासनं म्हंजी? माझ्या सासूच्या येळंपासनं. कडंला पीक येतंय, मदी येत न्हाई. का ते तुमी सांगा, तुमी शिकल्याली मानसं."

का ते मला त्या क्षणी लख्ख दिसलं. ओढा तिथं खोल कापत गेलेला आहे. दरडीलगतच्या जमिनीतलं जादा पाणी आपोआप दरडीतून पाझरून ओढ्यात उतरतं, जाताना क्षार धुऊन नेतं. म्हणजे निचरा! जो प्रयोग करायला मी योजना, मंजुऱ्या आणि सह्या गोळा करत होते, तो इथं कधीचा होऊन बसला होता, आणि त्याचा निकाल मेथीच्या जुड्या बांधून खाल्ला जात होता. माती तीच, पाणी तेच, फरक फक्त पाण्याला वाट मिळण्याचा. निचरा केला तर हे शिवार सुधारेल याचा याहून भक्कम पुरावा मला कुठल्याही पुस्तकात सापडला नसता. शिवाय हा पट्टा लागवडीखालचा होता, वर्षानुवर्षं. ‘पडीक’ हा शब्द तिथल्या तिथं खोटा ठरला. मी वांग्याच्या झाडांत उभ्या उभ्या टाळ्या वाजवल्या. प्रज्ञा म्हणाली, "मॅडम, आधी रीडिंग लिहून घ्या."

नवा अहवाल गेला, कलावतीबाईंचे तीन एकर योजनेत बसले. आता फक्त त्यांची सही हवी होती. मी कागद पुढं केला तर त्या म्हणाल्या, "तुमचा कागद झाला. आता आप्पांना येऊ द्या. त्येंच्याशी बोलायचंय."

आप्पा आले. मी बरोबर होते. त्या अंगणात ते यापूर्वी कधी आले होते की नाही, मी विचारलं नाही, पण चप्पल कुठं काढावी हे त्यांना पटकन कळेना, एवढं मी पाहिलं. प्रज्ञानं खुर्ची दिली. आप्पा बसले. बराच वेळ पावसापाण्याचं बोलणं झालं. मग म्हणाले, "कलाबाई, तुमच्या सहीबिगार काम अडलंय." एरवी ते ‘कला, तू’ म्हणायचे.

"सही देते की. पर आप्पा, नळीचं तोंड माझ्या रानात. त्यात गाळ साचनार, गवत वाडनार, खेकडी शिरनार. दर साली ते साफ करावं लागंल. व्हय ना मॅडम?"

"हो. नाहीतर सगळा निचरा तुंबेल."

"मग ते कोन करनार?"

आप्पा म्हणाले, "बघू की. लावू कुनालातरी."

"कुनाला?" कलावतीबाईंनी विचारलं. तो ‘कुणालातरी’ कोण, कुठल्या वस्तीतला, हे त्या अंगणातल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. "आमच्या मानसांनी गावाची घान काडायची सोडली, त्याला लई वर्सं झाली. मी त्ये मागच्या दारानं परत आनू देनार न्हाई. बारा घरांचं पानी हाय, बारा घरांनी पाळी लावायची. मी बी येनार, माजी पाळी मी करनार. कागदावर लिहा. सह्या करा. मग माजी सही."

आप्पा उठून गेले असते तर माझा प्रकल्प तिथंच संपला असता, आणि खरं सांगायचं तर मला वाटलं की ते उठतील. त्यांची मान खाली होती. त्यांनी माझ्याकडं बघितलं नाही, कलावतीबाईंकडंही नाही. शेवटी प्रज्ञाला म्हणाले, "पोरी, लिही. पयल्या पाळीला माझं नाव लिही. दुसऱ्याचं पयलं लिहिलं तर कुनी येनार न्हाई."

त्या कागदाची झेरॉक्स माझ्याकडं आहे. माझ्या कुठल्याही शोधनिबंधापेक्षा मला तिचा अभिमान जास्त आहे, आणि त्यातलं एक अक्षरही मी लिहिलेलं नाही.

ऊसतोड संपली आणि पोकलेन आलं. चालवणारा राजकुमार बिहारचा, रस्त्याच्या कडेनं केबल पुरायची कामं केलेला. पहिल्या दिवशी अकरा जण आपापल्या बांधावर उभे, प्रत्येकाला वाटत होतं मशीन आपल्या रानात आधी यावं. मी म्हणाले, नाही, निचऱ्याचं काम नेहमी खालून सुरू होतं. आधी तोंड, मग नळी, मग वरची रानं. वरून सुरू केलं तर चरात पाणी साचून काम करता येत नाही. राजकुमारनंही मान हलवली, "नीचे से ही होगा मॅडम, नहीं तो पानी कहाँ जाएगा?" तेव्हा पहिला चर कलावतीबाईंच्या रानात पडला. वरच्या लोकांना जरा जड गेलं. पण उताराशी कोण भांडणार?

चार दिवसांत त्यांच्या तुकड्यात नळ्या पुरून झाल्या. पाचव्या दिवशी सकाळी शेवटचा जोड बसवला आणि आम्ही सगळे ओढ्यात, नळीच्या तोंडाशी जाऊन थांबलो. काहीच नाही. पाच मिनिटं, दहा मिनिटं. आप्पा म्हणाले, "चुकलं काय मॅडम?" उतार मीच मोजला होता. दुर्बीण कुणी तपासली होती?

मग नळीच्या आत कुठंतरी गुळगुळ झालं. एक बेडूक बाहेर पडला. लोक हसले. त्याच्यामागं थेंब, मग करंगळीएवढी धार, मग मनगटाएवढी. फिक्या चहाच्या रंगाचं, फेसाळ पाणी. प्रज्ञानं मीटर बुडवला आणि आकडा मोठ्यानं वाचला. इतका खारट आकडा आम्ही कुठंच मोजला नव्हता. ती नाचायलाच लागली. मीही. आप्पांनी ओंजळ धरली, जिभेला लावली, थुंकले आणि ओरडले, "मीठ चाललं की रं भायेर!" आणि कलावतीबाई मात्र वर, आपल्या रानात जाऊन उभ्या राहिल्या होत्या. मी वर गेले तर म्हणाल्या, "कान देऊन बघा. खालनं आवाज येतोय." मी त्या ढेकळांत बसून कान लावला. खरं सांगते, मला काही ऐकू आलं नाही. पण मी "हो" म्हणाले.

पुढं उन्हाळ्याअखेर वरच्या सगळ्या रानांत नळ्या गेल्या. दोन पावसाळ्यांत पांढरे पट्टे विरत गेले. आप्पांनी अर्ध्या रानातला ऊस काढून हरभरा केला, पाणी कमी द्यायला शिकले आणि आता ते दुसऱ्यांना त्यावर व्याख्यानं देतात. कलावतीबाईंच्या तुकड्यात पहिल्या हिवाळ्यात गव्हाआधी चाकवत माजली, कारण तिला थोडा खार चालतो. प्रज्ञा डब्यात तिची भाजी घेऊन गेली तर शिक्रापूरला खोल्या घेऊन राहणाऱ्या तिच्या उत्तर प्रदेश-बिहारच्या मैत्रिणी तुटून पडल्या. "अरे, ये तो बथुआ है!" तेव्हापासून कंपनीच्या बसमधून चाकवतीच्या जुड्या जायला लागल्या. अन्नव्यवस्थेवर मी जे दोन दिवसांचं चर्चासत्र भरवलं होतं, त्यात यातलं काहीच आलं नव्हतं.

वर्षानं, पावसाळ्यानंतर, नळीचं तोंड साफ करायची पहिली पाळी आली. मी मुद्दाम गेले, प्रज्ञा आणि अकरांतले काही जणही आले होते. आप्पा धोतर खोचून, खोरं घेऊन कमरेइतक्या गवतात उतरले. कलावतीबाई दरडीवर उभ्या, "आप्पा, खालनं काडा, गाळ खाली हाय." आप्पा धापा टाकत, "काडतो की बाई!"

तेवढ्यात ओढ्याच्या कडेनं एक मोटारसायकल आली. चाळिशीचा माणूस, अनोळखी. खाली पुढच्या गावाचा. पिशवीतून त्यानं पाण्याची प्लास्टिकची बाटली काढली आणि कुणाकडं बघावं हे न कळून सगळ्यांकडं धरली.

"ह्ये माझ्या विहिरीचं पानी. विहीर वड्याच्या काठाला हाय. गेल्या सालापासनं खारट लागतंय. लोक म्हन्त्यात वर तुमी काय पायपं घातलीत."

आप्पांनी खोरं थांबवलं. आम्ही क्षार बाहेर काढले म्हणून नाचलो होतो. ते पुढं कुठं जातील, हे माझ्या अहवालात एका ओळीत होतं. ‘ओढ्याद्वारे नदीत विसर्जित.’ त्या ओळीत माणूस नव्हता. ओढ्यावर, नदीपर्यंत, कोण कोण आहे हे मी पुन्हा एकदा न बघता लिहिलं होतं.

आप्पांनी सुरुवात केली, "आता त्ये पाव्हणं, वड्याचं पानी म्हंजी..."

"थांबा आप्पा," कलावतीबाई म्हणाल्या. त्या दरडीवरून खाली उतरल्या. त्याच्या हातातली बाटली घेतली, उन्हात धरून बघितली आणि प्रज्ञाकडं दिली. प्रज्ञानं खिशातून पेन काढून बाटलीवर तारीख लिहिली. मी मीटर आणायला गाडीकडं पळाले, या वयात जमेल तसं. परत आले तेव्हा कलावतीबाईंनी त्या माणसाला स्वतःशेजारी दगडावर बसवलं होतं आणि विचारत होत्या, "रान किती? काय लावताय? पयलं कवा कळलं?" तो सांगत होता. आप्पा चिखलात उभ्यानं ऐकत होते. बाकीचेही जवळ सरकले होते.

त्याचं सगळं सांगून झालं.

"बरं," कलावतीबाई म्हणाल्या, "आन् तुमच्या खाली कोन हाय?"

तो माणूस गोंधळला. "खाली?"

"वडा तुमच्या रानापाशी संपतोय का? तुमच्या खाली कुनाची इहीर हाय?"

त्यानं ओढ्याच्या वाहत्या दिशेनं बघितलं. मग हळूच म्हणाला, "कवा इचारलं न्हाई."

"मग चला," कलावतीबाई पदर खोचत उठल्या. आप्पांनी खोरं दरडीला टेकवलं. मी मीटर प्रज्ञाच्या हातात दिला, तिनं आधी तो तपासून घेतला, आणि आम्ही सगळे ओढ्याच्या कडेनं खाली चालायला लागलो.